परत पाठवायची मांजरी

माणसं आणि जनावरं एकमेकांशी सरळ बोलत, त्या काळची ही गोष्ट. भागीरथीअक्कांनी बेघर मांजरांच्या निवाऱ्यातून एक मांजरी घरी आणली. आल्या आल्या ती धान्याच्या कणगीमागे शिरली आणि काही केल्या बाहेर येईना. घरातला म्हातारा कुत्रा बाजी जरा भुंकला, की ती थरथर कापायची.

"अक्का, आता मी स्वतःच्या घरात भुंकायचंही नाही का?" बाजी वैतागून म्हणाला. "हिला परत नेऊन सोडा बघू!"

ते ऐकून मांजरी मुकाट्याने बाहेर आली आणि दाराशी जाऊन बसली.

"चला अक्का," ती म्हणाली. "आधीच्या घरांनीही मला असंच परत पाठवलं होतं. मला सवय आहे."

अक्का काही बोलणार, इतक्यात बाजी उठला आणि उंबऱ्यावर आडवा पसरला.

"आता काय झालं?" मांजरीने घाबरत विचारलं.

"कपाळ माझं! अगं, मी अक्कांवरही रोज चिडतो," बाजी खेकसला. "म्हणून त्यांना कुठे परत पाठवतो का? जा, आधी दूध पिऊन घे."