फडक्यातला भोपळा

माझी शाळा सातवीत सुटली. शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एक वृद्ध वैद्य आणि त्यांचा शिष्य एका गावात राहत. शिष्य बारा वर्षे सांधेदुखीचे तेल कढवत होता. पुढे नगरपालिकेने पोहण्याचा तलाव बांधला, आणि गुडघे धरून येणाऱ्यांना वैद्य तेलाऐवजी तलावाकडे पाठवू लागले. कढई आठवड्यातून एकदाच चुलीवर चढू लागली. शिष्याच्या मनात पाल चुकचुकली. तलाव बांधणाऱ्याशी यांचे काही साटेलोटे तर नाही?

त्यात गुरू रोज पहाटे फडक्यात काहीतरी गोल गुंडाळून निघत आणि ओले फडके घेऊन परतत. विचारले तर नुसते हसत.

तलाव बुजवून तिथे दुकाने काढावीत, म्हणून गावातला एक व्यापारी सह्या जमवत होता. गावाच्या पैशावर बेडकांची सोय केली, असे तो दुकानात बसून म्हणे. त्याचा अर्ज शिष्याकडेही आला होता. गुरूंचे बिंग कळले की सही करायची, असे शिष्याने ठरवले.

एका पहाटे तो मागोमाग गेला. गुरू मागच्या दाराने तलावाच्या आवारात शिरले. फडक्यातून निघाला सुका भोपळा, विहिरीत नवशिके तरंगण्यासाठी पाठीला बांधतात तसला. आणि गुरू तो बांधत होते त्याच व्यापाऱ्याच्या पाठीला.

"वैद्यबुवा, गाठ पक्की आहे ना?" कठडा न सोडता व्यापारी तिसऱ्यांदा विचारत होता.

परतीच्या वाटेत शिष्याने गुरूंना गाठले. "गुरुजी, दिवसा हा तलाव बुजवायला निघतो. सभेत उघडे पाडा त्याला."

गुरू म्हणाले, "मग तो पाण्यात यायचा थांबेल आणि बुजवायला दुप्पट जोर लावेल. ज्या पाण्यात त्याचे गुडघे मोकळे होतात, त्यावर माती टाकायला त्याचा हात किती दिवस धजेल? आपले तेल ज्याला परवडते त्याच्याच घरी जाते. तलाव सगळ्यांनी मिळून बांधला, तिथे कोणाला कोणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत. काठावर उभा राहून तोही संशय घेत होता. तू कधी उतरला आहेस का?"

शिष्याला पोहता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने अर्ज सही न करता परत पाठवला. माळ्यावरचा दुसरा भोपळा काढला, फडके न गुंडाळता काखेत मारला, आणि भर बाजारातून चालत जाऊन तलावाच्या पुढच्या दाराने आत गेला.