केसाएवढी फट

एका जुन्या संस्थानी गावात बाबालाल नावाचा एक मिस्त्री राहत होता. गावात मिस्त्री पुष्कळ होते, पण दादासाहेब शितोळ्यांच्या विलायती गाडीला हात लावायची मुभा एकट्या बाबालालला होती. गाडी दोन माणसांची, बिनटपाची, दादासाहेबांच्या वडिलांनी बोटीने मागवलेली. बाबालालने ती तीस वर्षे जपली होती. त्याला मूलबाळ नव्हते. कोणी हळहळले तर तो म्हणे, "गाडी हाय की."

या गाडीचे एक पथ्य होते. दर काही महिन्यांनी, सकाळी इंजिन गार असताना, त्याचे वरचे झाकण काढायचे. आत आठ वाल्व, म्हणजे उघडमीट करणाऱ्या झडपा. प्रत्येक वाल्व आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवायची. बाबालाल पोलादाचे पातळ पाते त्या फटीत सरकवी. ते ना सैल ना घट्ट असे ओढले गेले की नट आवळी. आठवा वाल्व पूर्ण दबला असला की पहिला जुळवायचा, सातवा दबला असला की दुसरा. दोन्ही आकड्यांची बेरीज नेहमी नऊ, असे त्याला त्याच्या उस्तादाने शिकवले होते. फट कशासाठी, तर लोखंड तापले की वाढते. वाढायला जागा नसेल तर वाल्व नीट मिटत नाही, आतली आग कडेने निसटते आणि वाल्वलाच जाळते. त्या फटीमुळे इंजिन चालताना टिक टिक वाजे. बाबालालला तो आवाज ऐकला की बरे वाटे.

एकदा शेजारच्या शहरात जुन्या गाड्यांचा मेळा भरला. तिथे एका पाहुण्याने दादासाहेबांना विचारले, "गाडीत शिवणयंत्र बसवलंय काय हो?" चारचौघे हसले. चारचौघांत हसे झालेल्या माणसाला शहाणपणाचे काही ऐकू येत नाही. दादासाहेब तडक बाबालालच्या दारात आले.

"बाबालाल, हा आवाज बंद कर."

"सरकार, वाजती म्हणून जगती ती. गप केली तर जळंल."

"जमत नसेल तर तसं सांग. पुढच्या महिन्यात पुन्हा मेळा आहे. मी गाडी दुसऱ्याकडं देतो."

खरे तर त्याने "न्या" एवढेच म्हणायला हवे होते. दादासाहेब तापट होते, पण वेडे नव्हते. चार दिवसांनी राग उतरला असता आणि गाडी परत आली असती. पण दुसऱ्या कोणाचे तरी हात त्या इंजिनात आहेत, हे चित्र त्याला सोसवेना. तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. करतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पात्यांच्या जुडग्यातले सगळ्यात पातळ पाते काढले आणि आठही फटी जवळजवळ मिटवल्या. नऊची बेरीज एकदाही चुकली नाही. चुकीचे काम इतक्या निगुतीने त्याने आयुष्यात केले नव्हते.

गाडी गप्प झाली. मेळ्यात दादासाहेबांची मान ताठ झाली. त्यांनी सर्वांसमक्ष बाबालालला फेटा बांधला आणि त्यानेही तो बांधून घेतला. घरी येताना त्याने ठरवले, उद्या फटी पूर्ववत करायच्या. पण उद्या दादासाहेब शेजाऱ्यांना गोळा करून गाडी ऐकवत होते, आणि बाबालाल मूग गिळून बाजूला उभा राहिला. परवा आणखी काही निघाले. खरे बोलायला सवड अशी कधी मिळतच नाही.

दीड महिन्याने, भर उन्हात, घाट चढताना इंजिनातून मोठा आवाज झाला. वाल्व जळून तुटला होता. तुकडा आत पडला, आणि गाडी थांबेपर्यंत त्याने आतले सगळे फोडून टाकले. दादासाहेब वाचले. इंजिन मात्र उभे चिरले होते.

गाडी ओढून आणली. बाबालालने इंजिन उघडले. वाल्वची कड खाल्लेल्या भाकरीसारखी झाली होती. त्याने विलायतेला पत्रे धाडली. तसली इंजिने आता कुठेच उरली नाहीत, असे उत्तर आले. ते पत्र घेऊन तो दादासाहेबांपुढे उभा राहिला.

"हे होणार, हे तुला माहीत होतं?"

"व्हय, सरकार."

"मग का केलंस?"

"तुम्ही तिला दुसऱ्याकडं नेली असती."

दादासाहेबांनी पत्र वाचून खाली ठेवले. मग म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, बाबालाल. मी हट्ट धरला तरी तू चुकीचं करणार नाहीस, या भरवशावर मी बोलत होतो."

बाबालालने मान खाली घातली.

"आता राहू दे ती तुझ्याकडंच," दादासाहेब म्हणाले आणि आत गेले.

गाडी बाबालालच्या अंगणात येऊन पडली. त्याने पुढे कोणाचेच इंजिन हाती घेतले नाही. लोक समजावायला येत, कुणाच्या हातून चूक होत नाही, म्हणत. तो म्हणे, "चूक न्हवती ती. मला ठावं हुतं." यावर लोक उठून जात.

तात्पर्य: जिथे आपल्याला कळते आणि समोरच्याला कळत नाही, तिथे त्याचा राग सोसावा, पण होकार देऊ नये. गमावण्याच्या भीतीने दिलेला होकार गमवायला लावल्यावाचून राहत नाही.