एका रेषेतलं वारूळ

फार पूर्वी कुंपणाच्या कडेने तांबूआजी मुंगीने सरळ रेषेत वारूळ बांधवून घेतलं. रस्ता एकच, प्रत्येक दार त्यावरच. कोणी हरवणार नाही, असं ती सांगे.

एकदा पूर्वेच्या टोकाला साखर सापडली. दोन दिवस उपाशी असलेली आजीची नात पश्चिमेच्या टोकाला. आजी कण घेऊन निघाली. पण वाटेत भेटेल तिच्या मिशांना मिशा लावून विचारपूस करायची, ही मुंग्यांची रीत. आणि सगळं गाव आता वाटेतच होतं.

"रस्ता झकास केलात हो, आजी," म्हणत प्रत्येकीने थांबवलं.

आजी तिन्हीसांजेला पोचली. नात मागची भिंत पोखरून शेजारच्या वारुळातला गूळ खात बसली होती.

"रस्त्याने गेले असते, तर अजून विचारपूसच करत असते," नात म्हणाली.

आजीने भोक निरखून पाहिलं आणि त्याला दाराची चौकट बसवली.