सैल टाक्याची दुलई

सावरखोरीच्या वेशीवर कडुनिंबाखाली दगडी पार आहे. पाराला देवासाठी असावा तसा कोनाडा आहे, पण आत देव नाही. शेंदूर नाही, दिवा नाही. आहे तो कापूस. कुठे पांढरा, कुठे पिवळट, दुलई भरताना उरलेले तुकडे. धबधबा पाहायला आलेले लोक हमखास विचारतात, हे काय? मग शेजारच्या घरातून नर्मदाक्का येतात, आधी सगळ्यांना चपला काढायला लावतात आणि मगच तोंड उघडतात.

असे सांगतात, की त्या काळी हा पार नव्हता, नुसता निंब होता. गावात मदार पिंजारी राहायचा. दिवाळी सरली की कापूस पिंजताना त्याच्या पिंजणाची तात वाजू लागे, आणि तो आवाज आला की गाव म्हणायचे, थंडी आली. मदार गेला तेव्हा ती तातही तुटली. पिंजण भिंतीला टांगलेले राहिले. त्याची बायको जैनबबी संध्याकाळी दारात बसायची. तो आवाज आता येणार नाही हे तिला पक्के ठाऊक होते, तरी कान तिकडेच. वेड्या आशेला काय म्हणावे!

त्या वर्षी अवकाळी पावसाने बोंडे झाडावरच कुजली. घरोघरी कापसाचा दुष्काळ. अशा पौषात दगड फोडणारे वडार गावावरून निघाले होते, आणि त्यांच्यातली यल्लव्वा निंबाखालीच बाळंत झाली. परक्या बाळंतिणीला घरात कोण घेणार? जैनबबीने घेतले. पण तिच्या झोपडीच्या भिंती तुराट्यांच्या, वारा आरपार. घरात होते नव्हते ते अंथरूण बाळंतिणीखाली गेले. पोर मात्र निळे पडू लागले.

दिवस मावळायच्या आत दुलई हवी होती. जैनबबी पदर पसरून दारोदार फिरली. "उरलेसुरले तुकडे द्या माय, वातीसाठी ठेवले असतील ते द्या."

गाव वाईट नव्हते. तुकडे दिले. पण पाटलांची राहीबाई म्हणाली, "नेजो बाई, पण माह्या घरचा तुकडा दुसऱ्या कोनाच्या तुकड्याले लागू देजो नको." पुढच्या घरानेही तेच सांगितले, त्याच्या पुढच्यानेही. गावकुसाबाहेरच्या घरांनी तेवढी अट घातली नाही. पोर निळे पडत होते. वाद घालायला वेळ कुणाला होता? जैनबबीने अट घालणाऱ्या प्रत्येक दारी मेलेल्या नवऱ्याची शपथ घेतली आणि तुकडा पदरात टाकला.

शपथ ती शपथ. तिने जुने लुगडे दुहेरी केले, आत एकेक तुकडा वेगळा मांडला, दोहोंमध्ये बोटभर जागा सोडली आणि प्रत्येकाला कापडाशी टाके घातले. दुलई झाली, भरगच्च दिसलीही. बाळावर घातली. उन्हे उतरली, गार वारा सुटला आणि पोर किंचाळू लागले.

तो आवाज गल्लीत गेला. राहीबाई आली. तुकडा वेगळा ठेवला की नाही ते बघायला आली, असे काहीजण म्हणतात. नर्मदाक्कांचेही तेच मत आहे. तिने दुलईखाली हात घातला. ऊब लागली, मग गार, पुन्हा ऊब, पुन्हा गार.

"हे मधीमधी गार काऊन लागते व बाई?"

जैनबबी म्हणाली, "कापूस कमी नाई पडला, पाटलीणबाई. जिथं गार लागते, तिथं म्या तुमाले देल्लेला शबूद हाये."

राहीबाई खाली बसली. शिवण तिनेच उसवली. आपल्या तुकड्याची कड बोटांनी ओढून विरळ केली आणि शेजारच्या तुकड्यावर सारली. तो गावकुसाबाहेरच्या घरचा होता, हे तिला ठाऊक होते. मग तिने दारातूनच बायकांना हाका मारल्या.

त्यांना जोडणे कुठे येत होते! राहीबाईने दोरा आवळला, तर मध्ये वळ उठला आणि कापूस तुटून आला. जैनबबी म्हणाली, "आवळू नोका माय. सैल घाला. कडेवर कड बसली का कापूस आपसूक धरते." हसत, एकमेकींच्या बोटांना बोटे लागत, दिवेलागणीला दुलई पुरी झाली. पोराच्या गालावर रंग आला आणि ते झोपले. त्या संध्याकाळी जैनबबीने तातेकडे कान लावला नाही, म्हणे. घरात बायकांचा कलकलाट होता. तिला मदारची फार आठवण आली आणि ती मनमोकळी रडली.

पुढल्या वर्षी वडार परत आले. पोर बापाच्या खांद्यावर होते. बापाने निंबाला हा पार बांधून दिला. कोनाड्यात कोणता देव बसवू, असे त्याने विचारले, तेव्हा राहीबाईने मूठभर कापूस आणून ठेवला.

आता गावात पिंजारी नाही. तात ऐकलेली माणसेही एकेक करून गेली. गाद्या तालुक्याहून टेंपोने येतात. पण आजही सावरखोरीत कुणी दुलई भरली की एक तुकडा कोनाड्यात येतो. त्याला कात्री लावत नाहीत, हातानेच तोडतात. पौषात बायका ते साठलेले तुकडे जोडतात, आणि गावात जन्मलेल्या, गावावरून जाणाऱ्याही, पोराच्या अंगावर पहिली तीच दुलई पडते. नर्मदाक्का ती बाहेर आणतात, पाहुण्याचा हात धरून आत घालतात आणि म्हणतात, "सांगा बरं, पाटलाचा तुकडा कुठं सरते?"

हात या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. कुठेच गार लागत नाही.