पाचूत अडकलेली मिशी

कनकवाडीचे राजे झुंजारराव यांना रत्नांना पैलू पाडायचा नाद लागला. गरम लाखेने खडा काडीवर चिकटवायचा आणि फिरत्या चाकावर घासायचा, हे त्यांना कारागीर ठमाबाई शिकवत असे. "लाख मऊ असताना वाकू नका, सरकार," असं ती रोज बजावायची. पण एकदा राजे पाचू न्याहाळायला वाकलेच, आणि मिशीचं टोक लाखेत रुतून बसलं.

राजे गरजले, "लाख तुझी, म्हणून चूकही तुझी! मिशीचा केस कापायचा नाही, लाख तापवायची नाही, खड्याला धक्का लावायचा नाही. सोडव, नाहीतर राज्याबाहेर हो!"

"त्यात काय, सरकार! जुने केस आपोआप गळतात. वर्षभरात काडी पडेल."

"तोवर?"

"जेवताना काडी ताटाबाहेर धरायला एक मानकरी नेमा."

"आणि निजताना?"

"दुसरा नेमा."

"आणि शिंक आली तर?"

"पाचू ज्याच्या कपाळावर आदळेल, त्याला तो बक्षीस देऊन टाका!"

राजांनी मुकाट्याने न्हाव्याला बोलावलं. त्याने एका बाजूची मिशी उतरवली.

दुसऱ्या दिवशी अख्खा दरबार अर्ध्या मिशीने हजर होता.