कोळदऱ्याचा उष्टा पेला

हसलात ना मघाशी? मी पहिल्या बाकावरून पाहिलं. आमच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाचा पेला संपवला, मंडळीकडे तोंड केलं आणि डॉक्टरपुढे करावा तसा मोठा आ केला. तेव्हा तुम्ही तिघंही रुमालाआड हसलात. हसा. पण कपाटातल्या त्या पेल्याला हात लावू नका, बघायचं ते इथूनच बघा. मागल्या साली दोघं असेच गोड बोलत आले होते. चर्चच्या जागेवर त्यांचा डोळा होता, हे मागाहून कळलं. तुमचं तसं नसेलही. बसा.

पेला पितळेचा, आतून कल्हई, कडेला हा पोचा. बहुतेक ठिकाणी पाळक आधी पितो, मग मंडळी. कोळदऱ्यात सगळं उलटं. इथं मंडळी आधी पिते, मग मंडळीतली सगळ्यांत म्हातारी बाई, आणि तिच्या मागून तळाशी उरलेलं पाळक. याला आम्ही उष्टा पेला म्हणतो. शहरातून आलेले नवे पाळक नाव ऐकून नाक मुरडतात. मुरडेनात का.

असं सांगतात, की आमचा पहिला पाळक भागोजी. गावात दोन आळ्या, टेकडीची आणि नदीची. एकाच उन्हाळ्यात दोन्ही ख्रिस्ती झाल्या. जातींची नावं मी घेणार नाही. ती टाकायलाच तर आमचे पूर्वज या धर्मात आले. टाकली म्हणाले. कसली टाकतात! पाणवठे दोनच राहिले. चर्चमध्येही टेकडी उजवीकडे, नदी डावीकडे. पेला आधी पाळक पिणार, मग टेकडी, शेवटी नदी. तसं कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नाही.

भागोजी टेकडीचा. माणूस कर्ता होता म्हणे. दुसऱ्याला सांगायचं ते आधी आपण करायचं, ही त्याची रीत. या चर्चच्या पायाचा पहिला दगड त्यानं डोक्यावरून आणला. झाडलोट त्याची, गवंड्यांना पाणी त्याचं. सगळ्यात मी पुढं, तसा पेल्यालाही मी पुढं. त्यात काही चुकतंय, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

मग एका रविवारी नदी आळीची साळूबाई उठून उभी राहिली. दोर वळून पोट भरणारी विधवा बाई, पण जिभेला हाड नाही. म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही सगळ्यांत पुढं असता, ते आम्हाला दिसतं. पण आमच्या तोंडचा पेला तुमच्या तोंडाला कधी लागलाय का?"

भागोजी घरी जाऊन आईला, ठकूबाईला, म्हणाला, "आई, ती खरं बोलली. नुसत्या विचारानं माझा हात तोंड पुसायला गेला. लाज वाटते गं मला माझी." ठकूबाई म्हणाली, "वाटली तर वाटू दे. पण तसलं काही करून या उंबऱ्याच्या आत येऊ नकोस."

थांबा, घोटभर पाणी पितो. उन्हानं घसा सुकतो. मी आपला तांब्याला तोंड लावूनच पितो, वरून ओतायचं मला जमत नाही.

तर पुढच्या रविवारी त्यानं पेला नदीच्या बाजूनं फिरवायला सांगितला. टेकडी आळी उठली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. नदीवाले प्याले. शेवटी साळूबाई प्याली, आणि तिच्या हातून भागोजी. मनुका भिजवून काढलेलं ते पाणी, घोटभरच उरलेलं. 

विश्वास कुणी ठेवला? कुणीच नाही. टेकडीवाले म्हणाले, तोंडात धरलं असेल आणि मागं जाऊन थुंकला असेल. पुढच्या खेपेला दोन माणसं चर्चच्या मागं उभी केली. नदीवाले म्हणाले, चार दिवसांचं नाटक आहे. खुद्द साळूबाई म्हणाली, "आ करा पाळकसाहेब." आणि त्यानं भर मंडळीत लेकरासारखा आ केला.

घरी ठकूबाईनं त्याचं ताट वेगळं मांडलं. ओसरीवर बसवायची आणि भाकरी वरून टाकायची, हात लागू न देता. पोटच्या पोराला! सांगताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

दाराबाहेरच्यांचा म्होरक्या होता येसूजी पंच. तो म्हणाला, सहा रविवार बघू. याला काही झालं नाही तर आम्ही आत येऊ. एक जरी रविवार चुकला, तर आमचं चर्च वेगळं. पाच रविवार सरले. सहाव्या आठवड्यात भागोजीला ताप भरला. टेकडीवर कुजबुज झाली, लागलं उष्टं!

सहाव्या रविवारी नदी आळीच्या चौघांनी त्याला बाजेवर घालून इथं आणलं. तुम्ही आता बसलाय तिथंच बाज ठेवली होती. साळूबाईनं पेला त्याच्या ओठाला लावला. घोट आत जाईना, हनुवटीवरून ओघळला. दारातून येसूजी ओरडला, "बघा, बघा, गिळत नाही!"

तेव्हा दारातली गर्दी लोटत ठकूबाई आत आली. साळूबाईच्या हातून तिनं पेला घेतला आणि आधी स्वतः प्याली. येसूजीपुढं जाऊन आ केला, "बघ मेल्या, नीट बघ!" मग लेकाचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाली, "घे रे राजा. माझ्या उष्ट्यावरच वाढलास की तू."

तो घोट गेला. त्यानं आ केला, पेला खाली पडला, त्याचाच हा पोचा.

मंगळवारी भागोजी वारला. बोलणारे बोललेच, उष्ट्यानं मेला म्हणून. पण ठकूबाई पुढं बारा वर्षं जगली, धडधाकट. दर रविवारी साळूबाईच्या मागून प्यायची आणि येसूजीपुढं जाऊन आ करायची. तिसऱ्या वर्षी येसूजी खाली मान घालून आत आला. तेव्हापासून पेल्यात कधी कमी पडत नाही, असंही म्हणतात. ते मी मानत नाही. पेला मीच भरतो.

आजही नवा पाळक आला, की सगळी मंडळी त्याच्या घशाकडे बघते. मी सगळ्यांत पुढं बसून बघतो. येसूजी पंच माझे पणजोबा, बघायची खोड आमच्या रक्तातली आहे.

असो. लांबून आलात, तहान लागली असेल. तुम्ही कोण, कशाला आलात, ते नंतर विचारीन. हा तांब्या घ्या. मी तोंड लावलेला आहे, तुमच्या देखतच लावला. प्या. आणि पिऊन झालं, की जरा आ करा.