वैद्यबुवांनी हत्ती का हलवला?

एकदा एक शिष्य आपल्या गुरूचा वजीर मारून बसला, आणि आनंद व्हायच्या ऐवजी त्याच्या काळजात धस्स झाले. कारण त्या वृद्ध गुरूने उभ्या आयुष्यात कोणाला साधे प्यादेसुद्धा फुकट दिले नव्हते. पण गोष्ट इथूनच सांगू लागलो तर घोटाळा होईल. थोडे मागे जाऊ.

नदीकाठच्या त्या नगरीला बुद्धिबळाचे वेड होते. ग्रामदेवीच्या उत्सवात दरवर्षी एक मानाचा डाव होई आणि पुढच्या पौर्णिमेला देवळाच्या सभामंडपात त्या डावाची कथा सांगितली जाई. नुसत्या खेळ्या वाचून दाखवायच्या नाहीत, तर ऐकणाऱ्याला पटावर नेऊन उभे करायचे, अशी तिथली रीत होती. जिंकलेला आणि हरलेला, दोघांनी शेजारी शेजारी बसून ती कथा ऐकायची, हीही रीतच. हल्ली संगणकावरच्या खेळांत साम्राज्ये उभारणारी मंडळीसुद्धा आपल्या डावांचे असे वृत्तांत लिहितात. त्यांतले निम्मे वाचताना जांभया का येतात, ते पुढे ओघाने येईलच.

वर्षानुवर्षे ही कथा गुरुजी सांगत. आता त्यांचा आवाज बसला होता आणि कथकाचे आसन रिकामे होणार होते. ते कोणाला द्यायचे हे देवस्थानचे प्रमुख पंच ठरवणार होते. हे पंच म्हणजे नगरीतले एक मोठे व्यापारी. यंदाचा मानाचा डावही त्यांनीच जिंकला होता, नदीपलीकडच्या गावच्या वैद्यबुवांना मात करून. शिष्य हुशार होता. ज्याच्या हाती आसन त्याचीच विजयगाथा! तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायला त्याला कोणी शिकवायला नको होते.

त्याने झपाटल्यासारखी कथा लिहिली आणि गुरुजींच्या मठाच्या ओसरीवर सहाध्यायांना वाचून दाखवली. तिच्यात व्यापारी म्हणजे साक्षात बृहस्पती होता. त्याला पहिल्या खेळीपासून शेवट दिसत होता. वैद्यबुवा मात्र ठोंब्या. राजाच्या राखणीला उभा असलेला हत्ती त्यांनी ऐन वेळी दुसऱ्या टोकाला नेला, व्यापाऱ्याचा वजीर उघड्या दारातून आत शिरला आणि खेळ खलास. ‘ज्याला आपल्या घराचे दार राखता येत नाही, तो दुसऱ्याची नाडी काय राखणार!’ हे वाक्य आले तेव्हा ओसरी हसून हसून लोळली. एका वात्रटाने तर हत्तीसारखे डुलत वैद्यबुवांची नक्कलही करून दाखवली.

गुरुजी हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी एवढेच म्हटले, “पट मांड.”

“आत्ता?”

“आत्ता. तू जिंकलास तर हीच कथा सभामंडपात वाच, मी अडवणार नाही. जिंकला नाहीस, तर मी सांगेन तसं करायचं.”

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. गुरुजींना आजवर कोण हरवू शकले होते? म्हणजे आसन गेलेच की! पण डाव सुरू झाला आणि थोड्याच वेळात, मघाशी सांगितले ते घडले. गुरुजींनी आपला वजीर शांतपणे शिष्याच्या प्याद्यासमोर आणून ठेवला. शिष्याने डोळे चोळले. सापळा असेल म्हणून त्याने पट चारही बाजूंनी न्याहाळला. सापळा कुठेच नव्हता. त्याने भीत भीत वजीर मारला.

मग हत्ती आला. मग दुसरा हत्ती. घोडे, उंट, प्यादी, एकेक मोहरे गुरुजी जणू नैवेद्य दाखवावा तसे पुढे सरकवू लागले. भोवती जमलेल्या शिष्यांनी आ वासला. म्हाताऱ्याला भ्रम तर झाला नाही ना, असे भय एकाने दुसऱ्याच्या कानात बोलून दाखवले. शिष्यालाही आधी भीती वाटली, मग कीव आली, आणि मग खरे सांगायचे तर चटक लागली. मारण्याची म्हणून एक चटक असते. हात आपोआप पुढे जाऊ लागला. शेवटी गुरुजींच्या राजाशेजारी एकच प्यादे उरले. शिष्याच्या हत्तीने तेही टिपले आणि तो विजयाने ताठ बसला. आता पुढच्या दोन-चार खेळ्यांत राजा कोपऱ्यात कोंडायचा, झाले.

“बुर्जी,” गुरुजी म्हणाले.

शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला.

त्या नगरीचा जुना नियम असा होता की समोरच्याचा राजा अगदी एकटा उरला, तर डाव बुर्जी, म्हणजे बरोबरीत सुटला असे समजायचे. जिंकायचे असेल, तर शत्रूचे निदान एक मोहरे जिवंत ठेवून मात करावी लागे. हा नियम शिष्याला दुधाच्या दातांपासून पाठ होता. तरीही हात थांबला नव्हता. असली चूक नवशिक्याने केली असती तरी ओसरीवर हशा पिकला असता. आज कोणी हसले नाही.

“गुरुजी, हा डाव नव्हे! आपण मुद्दाम सगळं दिलंत!” शिष्य जवळजवळ ओरडलाच.

“मी दिलं. पण मारलंस तू,” गुरुजी म्हणाले. बोलताना त्यांना धाप लागत होती, म्हणून ते थांबत थांबत बोलले. “बाळ, आपल्या पूर्वजांनी हा नियम उगीच नाही केला. ज्याच्यापाशी काहीच उरलेलं नाही, त्याच्यावर मिळवलेल्या जयाला ते जय मानत नसत. तुझ्या कथेत तू वैद्यांची बुद्धी मारलीस, धैर्य मारलंस, अब्रू मारलीस. एक प्यादंसुद्धा शिल्लक ठेवलं नाहीस. मग तुझे शेठजी जिंकले कोणाशी? तुला शेवट माहीत आहे, म्हणून तुला ते हत्ती हलवणं मूर्खपणाचं दिसतं. वैद्यांनी तो उचलला तेव्हा त्यांना शेवट माहीत नव्हता. त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरंच काहीतरी होतं. काय होतं?”

मानाचा डाव लागला तेव्हा शिष्य पटापासून हातभर अंतरावर बसलेला होता. साऱ्या खेळ्या त्याने टिपल्या होत्या. पण हा प्रश्न त्याच्या मनात एकदाही आला नव्हता, आणि या गोष्टीचाच त्याला सगळ्यांत मोठा धक्का बसला.

“जा,” गुरुजी म्हणाले. “त्यांनाच विचार.”

दुसऱ्या दिवशी तो नावेतून पलीकडे गेला. वैद्यबुवा अंगणात खलात काहीतरी कुटत बसले होते. त्याला ओळखताच त्यांचा हात थांबला.

“या, कथेकरी या! नक्कल चांगली होते म्हणे तुमच्या ओसरीवर. नदी ओलांडायला हसण्याला नाव लागत नाही हो.”

शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. खाली मान घालून त्याने विचारले, “बुवा, आपण हत्ती का हलवला?”

वैद्यबुवा उठले, आतून पट घेऊन आले आणि त्यांनी ती स्थिती एका दमात मांडली. डाव त्यांनी मनातल्या मनात किती वेळा मांडला असेल, हे त्या बोटांवरूनच कळत होते.

“हा माझा हत्ती इथं आला. आता घोड्याचा शह. तुमच्या शेठजींच्या राजाला पळायला एकच घर, हा कोपरा. तिथं गेला की हत्तीची मात. बघ, आहे का सुटका?”

शिष्याने पाहिले. पुन्हा पाहिले. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. सुटका नव्हती. ज्याला त्याने बृहस्पती म्हटले होते, तो व्यापारी दोन खेळ्यांत मरणार होता, आणि सबंध नगरीत कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

“पण दार उघडं पडलं ना, बुवा?”

“दारावर माझा उंट होता की! या तिरप्या रेषेतून त्याची नजर थेट त्या घरावर. वजीर आत आला असता तर उंटानं खाल्ला असता. फक्त मी हत्ती हलवायच्या आदल्याच खेळीत शेठजींनी हे एक प्यादं एक घर पुढं सरकवलं, आणि ते नेमकं उंटाच्या वाटेत आलं. मी मात करायच्या धुंदीत. मला दिसलंच नाही.” वैद्यबुवा हसले, पण डोळे हसले नाहीत. “ते प्यादं त्यांनी का सरकवलं, हे मात्र मला आजवर कळलेलं नाही. ते त्यांनाच ठाऊक.”

परत येऊन शिष्याने सारे गुरुजींना सांगितले आणि शेवटी मनातली भीती बोलून दाखवली. “हे असं भर सभेत सांगितलं तर शेठजींचा अपमान होईल. आसन हातचं जाईल.”

“जाईल कदाचित,” गुरुजी म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले.

पौर्णिमेला सभामंडप फुलून गेला. समोर व्यापारी नवी पगडी घालून बसला होता. शेजारी वैद्यबुवा, मान खाली घालून. मागे काही टवाळ हत्तीसारखे डुलायच्या तयारीत होते. शिष्याने मात्र नव्याने लिहिलेली कथाच उघडली.

त्याने श्रोत्यांना वैद्यबुवांच्या बाजूला नेऊन बसवले. उंट कुठे पाहतो आहे ते दाखवले, घोडा कुठे दबा धरून आहे ते दाखवले, कोपऱ्यातले ते एकुलते एक घर दाखवले. हत्ती उचलला गेला तेव्हा टवाळांचे डुलणे थांबले होते. व्यापाऱ्याचा राजा आता मरणार हे साऱ्यांना दिसू लागले. निकाल पोरासोरांना तोंडपाठ होता, तरी सभेची दातखीळ बसली. मग शिष्याने हलकेच ते प्यादे दाखवले. बायकांच्या बाजूने एक आजी भान विसरून ओरडली, “अहो बुवा, उंटाच्या वाटेत बघा, उंटाच्या वाटेत!” कोणालाही हसू आले नाही.

“हे प्यादं शेठजींनी का सरकवलं,” शिष्य शेवटी म्हणाला, “ते मला माहीत नाही. म्हणून मी लिहिलेलं नाही.”

सगळ्यांच्या नजरा व्यापाऱ्याकडे वळल्या. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो उठून उभा राहिला. शिष्याला वाटले, संपले. आसन गेले, आणि कदाचित या नगरीतले अन्नपाणीही.

“भीतीनं,” व्यापारी म्हणाला.

मागच्या टवाळांनीही माना पुढे काढल्या.

“मला काही सुचत नव्हतं. ती मात दिसत नव्हती, पण काहीतरी येतंय हे कळत होतं. काहीतरी खेळायचं म्हणून जे हाताला लागलं ते सरकवलं.” त्याने पगडी काढून हातात घेतली आणि तो वैद्यबुवांकडे वळला. “बुवा, त्या दिवशी लोकांनी मला खांद्यावर घेतलं, पण घरी गेल्यावर घास उतरला नाही. जिंकल्यासारखं वाटतच नव्हतं. तुम्ही मूर्ख असता, तर माझी ती भीती खोटी ठरली असती. मी जिंकलो, ते आज कळलं.”

वैद्यबुवांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरून आले होते.

“आणि मी हरलो तोही आजच, शेठजी,” ते म्हणाले. “त्या दिवशी माझी नुसती फजिती झाली होती.”

मागच्या खांबाला टेकून बसलेले गुरुजी हे ऐकून उठले. कोणाशी काही न बोलता त्यांनी आपले आसन शिष्यापुढे सरकवले आणि व्यापाऱ्याने होकारार्थी मान हलवली. शिष्याला मात्र त्यावर लगेच बसवले नाही. तो बराच वेळ वैद्यबुवांकडेच पाहत उभा होता.

डाव कोणताही असो आणि पट कोणताही असो, सांगणाऱ्याने हरणाऱ्याला जरूर हरू द्यावे, पण आधी त्याला खेळू द्यावे.